बानं ऐकल्याशिवाय छापायचं नाही

टर्रर्र!

कापड फाटल्याचा आवाज मला पाठ फिरवून बसलो तरी ओळखू येतो. सुती वेगळं फाटतं, टेरिकॉट वेगळं. पण त्या दुपारी माझ्या दुकानात जे फाटलं ते कापड नव्हतं. मान वर करून पाहिलं, तर वामन मास्तर स्वतः लिहिलेलं आपल्या जन्माचं पान फाडत होता.

"काऊन गा मास्तर, काय झालं?"

"मामा, मी बरोबर जन्मलोच नाई. पुन्हा जन्मतो!"

किस्से साठत जातात, टेलरच्या मशीनखाली चिंध्या साठतात तसे. चिंध्यांची निदान उशी तरी भरता येते. किस्से मात्र कोणी विचारल्याशिवाय बाहेर निघत नाहीत, आणि मी पडलो कमी बोलणारा. आता तुम्ही बसलाच आहात तर सांगतो. हळूहळू सांगीन, घाई करू नका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हाच्या आंध्रातल्या आदिलाबादच्या बस स्टँडजवळ माझं शिलाईचं दुकान होतं. त्या दिवसांत महाराष्ट्राकडून लोकांनी स्वतःचं आयुष्य लिहिलेली पुस्तकं यायची. आमच्याकडचे मास्तर, कारकून ती वाचायचे. वाचून झालं की प्रत्येकाला एकच वाटायचं, अरे, हे तर आपल्याकडंही झालं होतं! मग आपण काऊन नाही लिहायचं?

असे चार जण दर रविवारी दुपारी माझ्या दुकानात बसू लागले. एक वामन मास्तर, मराठी शाळेत शिकवणारा. दुसरा नागोराव, तहसील कचेरीत कारकून. तिसरी सुमनबाई, सरकारी दवाखान्यात नर्स. आणि चौथा शंकर, ड्रॉइंग मास्तर. शंकरचं शब्दांशी जमत नव्हतं, म्हणून तो आपलं आयुष्य चित्रांत काढायचा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी सूचना करायच्या. माझ्याकडं ते का आले? मी तिसरी शिकलेला. पण माझ्याकडं बाकडं होतं, माठ होता, आणि मी मधात बोलत नव्हतो.

वामन मास्तरचं लिखाण सगळ्यांत पुढं गेलं होतं. नांदेडचा एक छापखाना छापायला तयार होता. पण मास्तरची एक अट होती. त्याचा बाप, किसनबा, पेनगंगेच्या काठच्या गावात जन्मभर पाटलाकडं सालगडी म्हणून राबलेला. निम्मं पुस्तक त्याच्यावरच होतं. मास्तर म्हणायचा, "बानं ऐकल्याशिवाय छापायचं नाई. त्याचं जगणं हाय. तो नको म्हणला तं चुलीत घालीन."

आणि बा काही ऐकायला येत नव्हता! निरोप पाठवला की उलटा निरोप यायचा. कधी कापूस वेचून राह्यलो. कधी बैल बिमार हाय. एकदा तर भर मे महिन्यात निरोप आला, "आभाळाचं काई सांगता येत नाई!"

*

नागोरावचं लिखाण ऐकलं की आपण कचेरीत उभे आहोत असं वाटायचं. अर्धं आयुष्य त्याचं दरखास्ती आणि नकला लिहिण्यात गेलेलं. त्यानं पहिल्याच रविवारी घसा साफ करून सुरुवात केली, "सदरहू इसम हा मौजे मजकूर येथे जन्मास आला. जन्मसमयी आई हजर होती."

सुमनबाई म्हणाली, "ते बरं झालं लिवलं. मले शंका होती."

पुढं त्याच्या लग्नाचा चॅप्टर आला. दोन ओळींत लग्न आटोपलं! "नियोजित वधूची पाहणी करण्यात आली. हरकत न आल्यामुळे विवाह मंजूर करण्यात आला."

वामन मास्तरनं डोक्याला हात लावला. "नागोराव, बायको हाय ते, बंदोबस्ताची जमीन नोहे! थोडं प्रेमानं लिवा जी."

नागोराव बिचारा मेहनती माणूस. आठवडाभर बसला. रविवारी येऊन त्यानं सुधारलेलं वाचलं. लग्नाच्या दोन ओळी तशाच होत्या. खाली फक्त एक ओळ वाढवली होती.

"शेरा : प्रेम आढळून आले."

*

मधे काही दिवस एक वेगळाच प्रकार सुरू झाला. भूक खरी होती, खोटं कोणीच लिहीत नव्हतं. पण चार माणसांत बसून वाचायला लागलं की हात थोडा सैल सुटतो.

वामन मास्तरनं वाचलं की लहानपणी ज्वारीच्या भाकरीसंगं नुसती अंबाडीची भाजी असायची. पुढच्या रविवारी नागोरावच्या घरात भाजी नव्हती, मीठ होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तरच्या घरातलं मीठ संपलं. मग नागोरावची भाकर अर्धी झाली.

शंकर मास्तर शेतकऱ्याच्या घरचा, भीमपूरकडचा. घरी कापूस पिकायचा, पोटभर खाल्लेलं. त्याला हे ऐकून शरम वाटायला लागली. त्यानं आपल्या घराच्या चित्रातली म्हैस रबरानं खोडली. पुढच्या रविवारी बैलजोडीतला एक बैल गेला. मग कणगी गेली. गोठ्यात एकटा बैल तेवढा उभा राहिला, तोही वाळलेला.

सुमनबाई सगळं शांतपणे ऐकत होती. नर्सबाई ती, तिचा हिशेब वेगळा. शेवटी म्हणाली, "भाऊ, असंच चाललं तं पुढच्या रविवारी तुमी तिघंबी मेलेले निघसान! मंग वाचंल कोन?"

पुढच्या रविवारी शंकरच्या गोठ्यात म्हैस परत आली. दूधही देत होती.

*

नागोरावची माय गिरजाबाई एकदा गावाहून झंपर शिवायला आली. मी माप घेत होतो आणि बाकड्यावर तिचा लेक वाचत होता, "सदरहू इसमाने संपूर्ण शालेय शिक्षण एकाच सदऱ्यावर पूर्ण केले."

म्हातारीनं माझा टेप बाजूला सारला. "थांब गा नाग्या! एक? दोन होते!"

"माय, ते साहित्य हाय."

"साहित्य गेलं खड्ड्यात! थो निळा सदरा कोनं शिवून देल्ला होता? उनातानात निंदाले गेली मी त्याच्यासाठी. घालून मिरवला गावभर, न पोहाले गेला तवा नदीत सोडून आला! आन आता म्हन्ते, एकच होता!"

नागोराव खाली पाहत म्हणाला, "माय, दोन सदरे लिवले तं गरिबी कमी दिसते."

"तुही गरिबी कशाची रे? तू खेळत होता. गरिबी माही होती. मले इचारून लिव!"

नागोरावनं पेन काढलं. तिथंच बसून दुरुस्ती केली आणि मायला वाचून दाखवली, "एकच सदरा असल्याचे नमूद केले होते. त्यावर हरकत आल्यावरून तपास केला असता, दुसरा निळा सदरा निष्पन्न झाला."

गिरजाबाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. पण 'निळा' ऐकून तिनं मान हलवली.

"हां. आता बरोबर झालं. घ्या मामा, माप घ्या."

*

शंकर मास्तरच्या चित्रांत त्याचं गाव, शाळा, बैलगाडी असं सगळं रंगीत होतं. पण मधात एक पान कोरंच होतं. आम्हाला वाटलं, काढायचं राहिलं असंल.

"पूर्ण झालं ते," शंकर म्हणाला. "माह्या लग्नाचं चित्र हाय."

"दिसून तं काईच नाई राह्यलं!"

"अंतरपाट हाय न! मंगलाष्टका चालू हायेत. मले जे दिसत होतं थेच काढलं."

वामन मास्तर म्हणाला, "आयुष्यात एवढं सोपं चित्र कोनं काढलं नसंल बाप्पा!"

ही गोष्ट त्याच्या घरी पोचली. शंकरची बायको भागीरथी तशी दुकानात येणारी नव्हती, पण त्या रविवारी भाजीची थैली घेऊन दारात उभी राहिली. म्हटलं, आता मास्तरची काही खैर नाही. साऱ्या जन्माचा जोडीदार, आणि त्यानं पान कोरं सोडलं!

तिनं ते पान हातात घेतलं. उजेडाकडं धरलं. लई वेळ पाहत राहिली.

मग म्हणाली, "माह्या बाजूनं बी असंच दिसत होतं."

आणि थैली उचलून नवऱ्याला म्हणाली, "घरी याले उशीर नका करू जी. वांगे केले हायेत."

*

सुमनबाई बेल्लमपल्लीची. बाप कोळशाच्या खाणीत, घर खाणीच्या क्वार्टरमध्ये, शाळा सगळी तेलुगू. बोलायची आमच्यासारखीच, पण मराठी अक्षरं तिला लिहिता येत नव्हती. ती आपलं आयुष्य मराठीत सांगायची आणि तेलुगू अक्षरांत लिहायची. स्वतः वाचायची तोवर काही अडचण नव्हती.

एका रविवारी तिला दवाखान्यात ड्युटी लागली. तिनं पानं पाठवून दिली, तुम्ही वाचून घ्या म्हणून. आता वाचणार कोण? नागोरावला कचेरीतले छापील तेलुगू शब्द यायचे, पण हातानं लिहिलेलं पाहून तोही गडबडला.

शेजारी राजन्नाचं सायकलचं दुकान होतं. करीमनगरकडून नवीनच आलेला तेलुगू माणूस, मराठीचा एक शब्द कळत नव्हता. त्याला हाताला धरून आणला. त्यानं ग्रीसचे हात पुसले आणि धडाधड वाचायला सुरुवात केली. उच्चार एकदम बरोबर! त्याला अर्थ शून्य!

त्यात असं होतं. सुमन नर्सिंगची परीक्षा पास झाली. बापाला आधी सांगायचं म्हणून धावत खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. शिफ्ट सुटली, माणसं वर आली. सगळे काळे, सगळे सारखे. तिला आपला बापच ओळखू येईना! ती रडायला लागली. तेव्हा त्या काळ्या गर्दीतला एक माणूस हसला, आणि दात दिसल्याबरोबर तिला कळलं, हाच आपला.

राजन्ना रेल्वेच्या घोषणेसारखा एका सुरात वाचत होता. वाचता वाचता त्यानं वर पाहिलं, तर वामन मास्तर डोळे पुसतोय, नागोराव नाक ओढतोय, मी मशीन थांबवलेली.

तो घाबरला. "क्या हुआ जी? मैं कुछ गलत पढ़ा क्या?"

शंकरनं त्याला हिंदीत सगळं समजावून सांगितलं. कोण मुलगी, कोणती खाण, कोणता बाप. राजन्ना हातातल्या पानाकडं पाहत राहिला. मग स्टुलावर नीट बसला.

"फिर से पढ़ता मैं," तो म्हणाला. "अब ठीक से पढ़ता."

पण दात दिसले तिथवर आला, आणि त्याच्यानं पुढं वाचवलं नाही.

*

आता पाटलांचं. किसनबा ज्या वाड्यावर राबला, त्या घरचा नातू शहरात राहायला आला होता. तो सफारी शिवायला माझ्याकडं आला, आणि नेमका रविवारी! मी त्याच्या बाहीचं माप घेत होतो. त्यानं वामन मास्तरकडं पाहिलं.

"मास्तर, तुमी आमच्या आजोबांवर काई लिवलं म्हन्ते."

मास्तरचा चेहरा उतरला, पण तो उठून उभा राहिला. "लिवलं. जे झालं थेच लिवलं."

"वाचा."

मास्तरनं वाचलं. मोठे पाटील काळ्या घोडीवर बसून शेताला जायचे. मास्तरचा बाप पाण्याचा तांब्या घेऊन घोडीच्या मागं पळायचा. पाणी सांडलं की चाबूक. हे सगळं त्यानं न अडखळता वाचलं. पाटलाचा हात माझ्या टेपमध्ये तसाच आडवा धरलेला होता, हलला नाही.

"हे चूक हाय," पाटील म्हणाला.

"काय चूक हाय?"

"घोडी काळी नोती. तांबडी होती."

मास्तरनं हातातलं पान खाली केलं. "आन बाकीचं?"

पाटलानं हात खाली घेतला. "बाकीचं मले काय इचारता? मी पाह्यलं नाई. तुमच्या बाले इचारा."

तो गेल्यावर मास्तरनं पानं गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "मामा, सारी दुनिया ऐकून गेली. ज्यानं ऐकाव थोच येत नाई."

"येईल," मी म्हटलं.

"आला, आन म्हनला, माही इज्जत काऊन काढली चार लोकांत, तं?"

मी मशीन चालू केली.

*

आणि बा आला.

निरोप नाही, काही नाही. एका रविवारी पेनगंगेकडची बस आली आणि थोड्या वेळानं माझ्या दारात एक उंच, वाळलेला म्हातारा उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा पटका, पायात कोऱ्या करकरीत चपला. मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं, पण वामन मास्तर ताडकन उठला तेव्हा समजलो.

"बा! एकटेच आले? सांगाचं तं होतं!"

किसनबानं सगळ्यांना हात जोडले. मी मशीनजवळचं स्टूल पुढं केलं, सुमनबाईनं पाणी दिलं. नागोरावनं विचारलं, "बस बरोबर भेटली न बुवा?" त्यानं मान हलवली. शंकरनं विचारलं, "कापूस झाला वेचून?" पुन्हा मान. मास्तर म्हणायचा, आमचा बा आठवड्याचे शब्द जपून वापरते. ते खरं होतं!

पाणी पिऊन झाल्यावर तो लेकाकडं पाहून एकच शब्द बोलला.

"वाच."

शाळेत शंभर पोरांसमोर बोलणारा मास्तर, पण नुसती पानं चाळत बसला. सुमनबाई म्हणाली, "वाचा भाऊ." मग त्यानं बापाचा चॅप्टर काढला. सुरुवातीला हळू, मग जरा मोकळा. गावाबाहेरची वस्ती आली. पाटलाचा गोठा आला. पाण्याचा तांब्या आला, घोडी आली. घोडी आता तांबडी केली होती. म्हातारा जमिनीकडं पाहत ऐकत होता. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

मास्तर पुढं वाचत गेला, "उन्हाळ्यात नांगरलेली जमीन तव्यासारखी तापायची. त्या मातीवरून माझा बा दिवसभर चालायचा. लोकांच्या पायांत वहाणा आल्या, बूट आले. माझ्या बाच्या पायाला मात्र आजवर कधी चप्पल लागली नाही..."

आणि तो थांबला.

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. कोऱ्या चपला, वरचा पट्टा चमकत होता, टाचेला बस स्टँडची थोडी धूळ. सुमनबाईनं पदर तोंडाला लावला. नागोराव हळूच माझ्या कानात म्हणाला, "दुरुस्ती घ्याव लागंल!" शंकरला हसू आवरेना, त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

म्हाताऱ्यानंही आपल्या पायांकडं पाहिलं.

"कधी घेतल्या बा?" मास्तरनं विचारलं.

"काल." मग जरा थांबून, "तुह्याकडं याचं होतं."

मास्तरच्या तोंडाचं पाणी पळालं. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि बाप पहिल्यांदा ऐकायला बसला तर समोर खोटं निघालं! त्यानं खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडायला घेतली.

किसनबानं हात पुढं केला. लेकाच्या हातातून पेन काढून घेतलं. टोपण लावलं. आणि लेकाच्या खिशात परत खोचून दिलं.

मग खाली वाकून त्यानं चपला काढल्या, एक, मग दुसरी. पायानं सरकवून माझ्या मशीनखाली केल्या. पाय मोकळे फरशीवर ठेवले आणि लेकाकडं पाहिलं.

मास्तरनं वाचलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं. मधात कोणी सूचना केली नाही. बाहेर राजन्ना कुठल्यातरी चाकाला हवा भरत होता, तेवढा आवाज.

मास्तरनं पानं गोळा केली. "बा," तो म्हणाला, "छापू?"

किसनबा उठला. डोक्याचा पटका नीट केला. सगळ्यांना आल्यासारखेच हात जोडले आणि दुकानाची पायरी उतरला. दुपारची वेळ, डांबर तापून मऊ झालेलं. मी मशीनखालून चपला उचलून दाराशी गेलो, हाक मारायला तोंडही उघडलं. पण मास्तरनं माझा दंड धरला. "राहू द्या मामा. ओळ खोडू नको म्हन्ते बा."

म्हातारा सडकेच्या मधोमध, अनवाणी, ताठ, बस स्टँडकडं चालत गेला.